वाईट बातमी ऐकणारा सरपंच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचे वारे वाहू लागले की 'नेता कसा असावा' यावर लेख येऊ लागतात. दूरदृष्टी, निर्भीडपणा, वक्तृत्व, निष्कलंक चारित्र्य. यादी वाचून कोणाचे नुकसान होत नाही, पण मतदाराच्या हातीही काही लागत नाही. दूरदृष्टी मोजायची कशाने? आणि चौकातल्या फ्लेक्सवरचा प्रत्येक चेहरा आधीच 'कार्यसम्राट' असतो. आम्ही दोघे ग्रामपंचायतीचे दप्तर तपासण्याच्या आणि नव्या सरपंचांना ते वाचायला शिकवण्याच्या कामातले. आमच्या लेखी चांगल्या पुढाऱ्याची एकच खूण आहे आणि ती कोणालाही तपासता येते. त्याच्या कानावर वाईट बातमी किती लवकर जाते, आणि ती आणणाऱ्याचे पुढे काय होते, एवढे पाहावे.

सोलापूर जिल्ह्याचे ११ तालुके, ग्रामपंचायती हजारावर. कायदा सगळ्यांना एकच, १९५८ चा. नमुना १ ते ३३ ही दप्तराची यादी एकच, वित्त आयोगाचा निधीही मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबाने येतो. तरी एका गावात नळाला स्वच्छ पाणी आणि शिवेपलीकडच्या गावात जुलाबाची साथ, असे होते. फरक कुठे पडतो हे पाहायचे असेल तर भाषण ऐकू नये, पाण्याच्या टाकीवर चढावे.

गावची टाकी ५० हजार लिटरची धरू. हजार लिटरला ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, या हिशेबाने एका भरण्याला २५० ग्रॅम लागते. हे प्रमाण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचे. पोते उघडे राहिले, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत तापले की क्लोरीन उडून जातो. तो २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर चुन्याच्या भावातली. पद्धत साधी आहे. प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्यायची, थोडे पाणी घालून लगदा करायचा, गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरून दहा-पंधरा मिनिटे निवळू द्यायची. चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास थांबून मग व्हॉल्व्ह उघडायचा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पावडर वरूनच भुरभुरतात. गुठळ्या तळाला बसतात, पहिल्या गल्लीला औषधाचा वास येतो आणि शेवटच्या गल्लीला कोरे पाणी जाते. म्हणून ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी पाण्यातला क्लोरीन पाहण्याची चाचणी, टाकीखालच्या नळावर करून उपयोग नाही. ती शेवटच्या नळावर करायची. नळीत पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे आणि लगेच रंग पाहायचा. पिवळसर झाले तर क्लोरीन पोहोचला, पाणी तसेच राहिले तर नाही. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन त्या शेवटच्या नळाला शिल्लक हवा.

आता यात नेतृत्व कुठे आले? असे समजा की सकाळी पाणी सोडणारा माणूस पारावर येऊन सांगतो, "मालक, पावडर संपून आठ दिस झाले की." एक सरपंच म्हणतो, "मग आठ दिस काय झोपला होतास?" झाले. यापुढे तो माणूस काही सांगायला येणार नाही. रजिस्टरमध्ये रोज 'टीसीएल टाकले' एवढे लिहील आणि मोकळा होईल. दुसरा सरपंच आधी विचारतो, "आज किती लागेल? शेजारच्या गावातून उसनी मिळेल का?" कोणाचे चुकले ते नंतर बघतो. त्या गावात पुढच्या वेळी पावडर संपायच्या आठ दिवस आधी निरोप येतो. गावोगावी जलसुरक्षक नेमलेले आहेत, आरोग्यसेवक नमुने घेऊन जातात, पावसाळ्याआधी आणि नंतर पाणीस्रोतांची पाहणी होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड मिळालेले गाव वाईट असे काही नाही. लाल कार्ड कपाटात घालून कुलूप लावणारा सरपंच मात्र धोक्याचा. नातेपुत्यापासून वाखरीपर्यंत पालखीमार्गावर वारीच्या दिवसांत विहिरीविहिरीवर ओटी होते, तेव्हा हे काम आपल्याला जमत नाही असे कोणी म्हणू नये. वारी पुढे गेली की ती नळी कुठे जाते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

त्या पाणी सोडणाऱ्याचा विषय इथेच संपत नाही. तो निष्काळजी का झाला याचा माग काढला तर बहुतेक वेळा रस्ता पगाराशी येतो, आणि तिथून थकबाकीशी. उदाहरणादाखल ४०० घरांचे गाव घ्या. पाणीपट्टी महिना १०० रुपये, म्हणजे मागणी ४० हजारांची. वसुली ४० टक्के झाली तर हाती १६ हजार. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर रोज सहा तास चालली तर महिन्याला हजार युनिटच्या आसपास वीज जाते. बिल भरले तर पगार थकतो, पगार दिला तर वायरमन कनेक्शन तोडायला येतो. सरपंच वीजबिल भरतो, कारण अंधार सगळ्या गावाला दिसतो. पगार थकलेला एका घराला दिसतो. चार महिने पगार थकलेला माणूस पहाटे टाकीवर चढून निवळी ओतत बसेल, ही अपेक्षा धरणाऱ्याने स्वतः चार महिने तसे करून पाहावे.

मग वसुली का होत नाही? लोकांना द्यायचे नसते हे अर्धे खरे. नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, उघडली की वरच्या दहा थकबाकीदारांत कोणाची नावे असतात हे गावात सगळ्यांना माहीत असते. भावकी, पॅनेलचे कार्यकर्ते, कधी कधी खुद्द सदस्य. मागणीचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, हे कायद्यात स्पष्ट आहे. तरीही हे कलम विरोधकाला पाडायला वापरतात, वसुलीला नाही.

धाडस हा गुण सोलापूरला कोणी शिकवायची गरज नाही. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, आणि दरवर्षी त्या दिवशी त्या चार पुतळ्यांना हार घालायला पुढाऱ्यांची रीघ लागते. ग्रामपंचायतीला इतके मोठे धाडस लागत नाही. तिथे लागते ते छोटे आणि कडू: भर ग्रामसभेत नमुना ९ मधली थकबाकी मोठ्याने वाचायची आणि सुरुवात आपल्या चुलत्यापासून करायची. जो सरपंच १ एप्रिलच्या आठवड्यात स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी भरून नमुना १० ची पावती नोटीस फलकावर लावतो, त्याला पुढे वसुलीसाठी फार बोलावे लागत नाही. दवंडी देऊन, जप्तीच्या धमक्या देऊन जे होत नाही ते त्या एका पावतीने होते. पहिल्याच वर्षी नव्वद टक्के होईल असे नाही. पण वसुली वर सरकू लागली की आधी पाणी सोडणाऱ्याचा थकलेला पगार द्यावा. ठेकेदाराचे बिल महिनाभर थांबले तर तो मरत नाही.

ग्रामसभेकडे वळू, कारण वाईट बातमीला अधिकृत दार तेच आहे. वर्षात किमान चार सभा घ्यायच्या. सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. सूचना सात दिवस आधी द्यायची. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जे कमी असेल ते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हा शेवटचा नियम सद्हेतूने केलेला आहे, पण बेरकी पुढाऱ्यांना तो पाठ असतो. सभा लावायची सकाळी अकराला, खुरपणीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात, दवंडी एकाच गल्लीत फिरवायची, माणसे जमली नाहीत म्हणून तहकूब करायची आणि आठवड्याने पंधरा जणांत सगळे ठराव मंजूर. कागद निर्दोष! दप्तर तपासताना एखाद्या गावाच्या चारही सभा ओळीने तहकूब दिसल्या की आम्ही पुढची पाने जरा सावकाश उलटतो.

याउलट ज्याला ऐकायचेच आहे तो वेळ आणि जागा विचारून ठरवतो. संध्याकाळी सहानंतर, शेतावरून माणूस परत आल्यावर. जागा शाळेचे पटांगण. चावडीवर काही घरे अवघडून बसतात, देवळाच्या ओट्यावर बायका चढत नाहीत, आणि पारावर कोण कुठे बसायचे हे पिढ्यांपासून ठरलेले असते. शाळेत मूल सगळ्यांचे जाते. स्टेज नको, पुढाऱ्यांच्या खुर्च्यांची रांग नको. एक टेबल, त्यावर मागच्या सभेचे इतिवृत्त, रोकडवही म्हणजे नमुना ५, आणि मागणीची नमुना ९. वीज गेली तर चालेल असा एक दिवा. पहिला विषय नेहमी एकच: मागच्या सभेत जे ठरले त्याचे काय झाले. 'झाले', 'झाले नाही', 'का नाही'. 'काम प्रगतिपथावर आहे' हे उत्तर आम्ही तरी स्वीकारू नये म्हणून सांगतो. किती मीटर झाले ते सांगा.

आता दवंडीची जागा व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली आहे. त्यात एक गंमत पाहा. गावच्या ग्रुपवर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' असे लावलेले असते, ॲडमिन सरपंचांचा पुतण्या, आणि दिवसभर सत्काराचे फोटो. ज्या ग्रुपवर 'आमच्या गल्लीत तीन दिवस पाणी नाही' असे लिहिता येत नाही, तो ग्रुप गावचा नाही.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती कागदावर होते आणि अंगठे-सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, ही जुनी रड. खरी सभा झाली तर तिथे जे निघते ते पुरुषांच्या सभेत वर्षभर निघत नाही: पाणी पहाटे चारला सोडतात त्यामुळे कोणाची झोप मोडते, शौचालयाच्या वाटेवरचा दिवा कधीपासून बंद आहे, शाळेच्या मागे दारू कोण विकतो. शेवटची गोष्ट माहीत असूनही कोणी बोलत नाही, कारण विकणारा कोणाचा तरी माणूस असतो. चांगला सरपंच त्या सभेतले म्हणणे, बोलणारीचे नाव न घेता, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतो. नाव न घेणे यातच अर्धे नेतृत्व आले. पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या बाईच्या दारात दुसऱ्या दिवशी दारूवाला येऊन उभा राहिला, तर पुढची दहा वर्षे महिला सभा मुकी होते.

सरपंचपदावर निम्म्या महिला आहेत, आणि खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. यावर भाषणे पुष्कळ होतात. आम्ही शिकवताना एकच विचारतो: "ताई, डोंगल कुठाय?" वित्त आयोगाचे पैसे आता ऑनलाइन, डिजिटल सहीने निघतात, आणि ती सही पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. ग्रामसेवकाचा, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा एक डोंगल, सरपंचांचा दुसरा. एकाने बिल तयार करायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे, यासाठीच हे दोन. प्रत्यक्षात दोन्ही डोंगल संगणक चालवणाऱ्या मुलाच्या टेबलाच्या खणात, आणि पिन कागदाच्या चिठोऱ्यावर त्यालाच चिकटवलेला. मग सही कोणाची, जबाबदारी कोणाची? चौकशी लागली की नोटीस मात्र ताईंच्या नावाने येते. डोंगल स्वतःच्या पर्समध्ये ठेवावा. लावायच्या आधी तीन कागद मागावेत: ठराव, मोजमाप पुस्तिका, बिल. या तिन्हींतली रक्कम आणि कामाचे नाव जुळले तरच पिन टाकावा. अक्षर कळत नसेल तर वाचून घ्यावे, दोघांकडून, वेगवेगळे. लाज वाटायचे कारण नाही. शिकलेले सरपंचही मोजमाप पुस्तिका न वाचता सह्या करतात.

इतिवृत्ताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गावे इथेच फसतात. ठराव म्हणजे नुसते 'सर्वानुमते मंजूर' नव्हे. विषय, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, रक्कम, कोणत्या लेखाशीर्षातून, काम कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढे त्यात हवे. चार जणांनी विरोध केला असेल तर त्यांची नावे हवीत. विरोधकांनी भ्यायचे कारण नाही, आणि सरपंचाने तर मुळीच नाही. उद्या ते काम फसले तर 'आम्ही तेव्हाच सांगितले होते' हे वहीत असलेले बरे, पुढच्या वेळी माणूस ऐकतो. घोळ कसा होतो? सह्या आधी, मजकूर नंतर. किंवा दोन ठरावांमध्ये चार ओळी मोकळ्या सोडतात आणि महिन्याने तिथे तिसरा ठराव उगवतो. किंवा सगळ्यात लाडका मार्ग: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा खरेदीचा, जागेचा, भाड्याचा ठराव होऊन जातो. यावर उपाय फुकटचे आहेत. मोकळ्या जागेवर तिरपी रेघ मारा. सभा संपायच्या आत ठराव मोठ्याने वाचा. शेवटच्या पानाचा फोटो तिथल्या तिथे चार जणांनी मोबाइलमध्ये घ्यावा. आणि पैशाचा कोणताही विषय ऐनवेळी घ्यायचा नाही, हा ठराव पहिल्याच मासिक सभेत करून टाका. जो सरपंच स्वतःहून असा ठराव मांडतो त्याला आम्ही निम्मे गुण तिथेच देतो.

निधीचा हिशेबही त्याच वहीत यायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या रकमेत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित होते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. 'निधीच नाही' म्हणणाऱ्याला कोणता निधी, कोणत्या शीर्षातला, हे विचारले की पुढचे संभाषण लांबते. सिमेंट रस्त्यांचे म्हणाल तर मार्चअखेरीस, उन्हाने फुफाटा झालेला असताना, भर दुपारी ओतलेला काँक्रीट तडकणारच. गावालाच पाणी टँकरने येते, मग रस्त्यावर मारायला कुठून, आणि सगळी घाई बिल काढायची. गवंडी हे सांगत असतो. त्याला कोणी विचारत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने या गुणाची परीक्षाच घेतली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातली नदीकाठची गावे पाण्यात गेली. अशा वेळी पहिली वाईट बातमी मध्यरात्री येते, वरच्या धरणातून विसर्ग वाढल्याची. आणि पहिला घात 'दरवर्षी येतंय की पाणी, पारापर्यंत कधी आलंय का?' या वाक्याने होतो. तयारी म्हणजे पावसाळ्याआधी केलेली गल्लीवार यादी: अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर कोण, एकटी म्हातारी माणसे कोणती, गाडी कोणाकडे आहे, आणि कोणत्या घरी कोणी जायचे. रात्री दोन वाजता यादी करता येत नाही. देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, दोन्हींचे ॲम्प्लिफायर कोण चालवतो त्याचा नंबर हवा. जनावरांचे कासरे आधी सोडायचे. दावणीला बांधलेले जनावर पोहून वाचत नाही. डीपी बंद करायला वायरमनला सांगायचे, आणि तो पोहोचू शकत नसेल तर उपकेंद्राला.

पूर ओसरल्यावरची चूक याहून महाग पडते. लोक घाईने घर धुऊन काढतात, मेलेले जनावर पुरून टाकतात, आणि मग पंचनाम्याला पुरावा उरत नाही. आधी फोटो, मग झाडू. जनावराचा पंचनामा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून करून घेऊन मग विल्हेवाट. पिकांचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदतीस पात्र, हा निकष लोकांना स्पष्ट सांगावा, म्हणजे ज्याचे बसत नाही त्याला खोटी आशा लागत नाही. हे सांगणे कठीण असते. सोपे असते ते सगळ्यांची नावे घालणे. तसे करणारा आठवडाभर लाडका होतो, मग यादीवर हरकत येते, फेरतपासणी लागते आणि ज्याची भिंत खरोखर पडली त्याचे पैसे त्यात अडकतात. यादी चावडीच्या भिंतीवर लावून दोन दिवस हरकतींना द्यावेत. भांडणे तिथेच होऊ द्यावीत. गावात झालेले भांडण तहसीलमध्ये नेलेल्या भांडणापेक्षा स्वस्त असते.

कधी कधी वाईट बातमी आकड्यांत असते आणि ती सगळ्या गावाला नकोशी असते. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत घातली: पाऊस किती पडला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरले त्यात कोणते पीक. आपल्या जिल्ह्यात हे गणित मांडायला धीर लागतो, कारण त्यात ऊस येतो. माणशी दिवसाला ५५ लिटर हा जलजीवन मिशनचा निकष. म्हणजे वर्षाला एका माणसाचे २० हजार लिटर. पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरच्या आसपास जाते. हजार माणसांचे वर्षाचे पाणी झाले ते. ठिबक केले तर बरेच वाचते, तरी एका हेक्टरला शेकडो माणसांचे पाणी जातेच. हे ग्रामसभेत फळ्यावर खडूने लिहायचे, आणि लिहिणाऱ्याचा स्वतःचा ऊस असला तर तोही त्यात धरायचा. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली गेल्यावर मोर्चा काढणे याच्या मानाने फार सोपे.

वरच्या पातळीवरही हाच गुण लागतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर गेले, मध्ये दोनदा पडलेही. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांच्या साधेपणाचे कौतुक खूप झाले. आम्हाला त्यात साधेपणापेक्षा सोय जास्त दिसते. एसटीत शेजारी बसलेला माणूस टेंभू उपसा योजनेचे पाणी का आले नाही हे दोन तास सांगू शकतो, आणि आमदाराला उतरता येत नाही. काळ्या काचांच्या गाडीत ड्रायव्हर, पीए आणि दोन 'भाऊ म्हणतील तसं' म्हणणारे असतात. तिथे बातमी गाळूनच आत येते.

गोड बोलणाऱ्यांचा हा घेर पद मिळाल्यावर चार-सहा महिन्यांत तयार होतो, आणि भल्या माणसाभोवतीही होतो. तो मोडायचा तर पद्धतच बसवावी लागते. मासिक सभेत पहिली दहा मिनिटे शिपाई, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पाणी सोडणारा यांना, सदस्यांनी मध्ये न बोलता. विरोधी गटातला निदान एक माणूस पाणीपुरवठा समितीत. महिन्यातून एकदा, न सांगता, शेवटच्या नळावर स्वतः ओटी. आणि कार्यकाळ संपताना दप्तर, चाव्या, चालू कामांची यादी, न दिलेली बिले आणि थकबाकी यांचा कागद करून पुढच्याच्या हाती द्यायचा, तो विरोधी पॅनेलचा असला तरी. कपाटाची चावी हरवली म्हणून नवा सरपंच कुलूप तोडून कामाला लागतो, हे आपल्याकडे इतके नेहमीचे झाले आहे की कोणाला त्यात काही वावगेच वाटत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. उजनीची टक्केवारी आपण रोज छापता आणि लोक चहाआधी ती पाहतात. तशीच एक छोटी चौकट तालुकावार छापता आली तर पाहावे: येत्या पंधरवड्यात कोणत्या गावात ग्रामसभा आहे, किती वाजता, कोणत्या जागी, आणि पहिली आहे की तहकूब. पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर लाल कार्ड मिळालेल्या गावांची नावेही त्याखाली यावीत. माहिती पंचायत समितीत आणि आरोग्य विभागात असते. पहिल्या आठवड्यात काही सरपंचांचे फोन आपल्याला येतील. कोणाचे आले, आणि त्यांनी काय दुरुस्त करायला सांगितले, चौकटीतली चूक की गावातली, तेही छापावे.

आपले,
ग्रामपंचायत दप्तर व प्रशिक्षणाच्या कामातले दोघे,
सोलापूर